नाव आणि पत्त्यासकट

कुंदामावशी,

तू गेल्याची बातमी मी तुझ्याच अकाउंटवरून टाकली. पासवर्ड माझ्याकडेच होता. चार ओळी लिहिल्या, खाली सवयीने तुझं नाव लिहिलं, घरचा पत्ता लिहिला, जसा तू प्रत्येक लिखाणाखाली लिहायला लावायचीस, आणि फोन बाजूला ठेवला. पहिली प्रतिक्रिया आली ती हसणाऱ्या पिवळ्या तोंडाची. त्याच्याखाली जोडलेले हात. त्याच्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'सुटलो.' तू अजून घरातच होतीस, आतल्या खोलीत, नाकात कापूस घातलेली. बाहेर हे सुरू झालं होतं.

मग केक आला. डिलिव्हरीवाल्याने बेल वाजवली, तुझ्या भाच्याने दार उघडलं. पैसे आधीच भरलेले, खोक्यावर तुझं नाव, तुझा पत्ता. आत गुलाबी क्रीमवर 'अभिनंदन' लिहिलेलं. प्रसाद बराच वेळ ते खोकं हातात धरून उभा राहिला. सांत्वनाला आलेली माणसं आत बसली होती, त्यांच्यासमोरून ते न्यायचं कसं हे त्याला कळेना. शेवटी मला म्हणाला, "अगं, आता तरी काढ तो पत्ता."

प्रसाद वाईट माणूस नाही, तुला माहीतच आहे. बोरिवलीहून दर रविवारी तुझ्यासाठी मासे घेऊन येणारा तो एकटाच. आता तुझी खोली तो भाड्याने देतोय. नवरा-बायको आणि त्यांची लहान मुलगी येणार आहेत. त्या मुलीने दार उघडावं आणि समोर असलं काही यावं, हे त्याला नको आहे. मलाही नको आहे. त्याचं बरोबर आहे, आणि मला राग त्याचाच येतोय. मी तुझ्याशी इतके दिवस हेच भांडत होते ना? पत्ता काढ, पत्ता काढ. घे, जिंकले मी.

मी पत्रकांवर वाढले, असं तू चारचौघांत सांगायचीस आणि मला लाज वाटायची. पण ते खरंच आहे. आई घाटकोपरला तुझ्या खोलीवर पत्रकांच्या घड्या घालायला यायची आणि मी त्या गठ्ठ्यांवर झोपायचे. शाईचा वास आला की मला अजून झोप येते. अंकलिपीच्या आधी मी 'निषेध' वाचायला शिकले, आणि रफार शिकले 'मोर्चा'वरून. आई पहिल्यांदा तुझ्याकडे कशासाठी आली होती, हे आमच्या घरात कुणी बोलत नाही. पत्रकं नंतर आली.

त्या दिवसांत वस्तीत दोन तऱ्हेची पत्रकं फिरायची. एक आपली. दुसरी निनावी, पहाटे दाराखालून सरकवलेली, आपल्या महिला संघटनेतल्या बायकांची नावं घेऊन त्यांच्याबद्दल नाही नाही ते लिहिलेली. त्यावर तू नियमच करून टाकलास, आपल्या प्रत्येक कागदाखाली लिहिणारीचं नाव आणि पत्ता. पत्ताही कार्यालयाचा नाही, घरचा. संघटनेच्या प्रमिलाताईंनी तेव्हाही विरोध केला होता, म्हणाल्या, कार्यालय आहे की. तू म्हणालीस, कार्यालय संध्याकाळी बंद होतं, मार रात्री पडतो.

आणि बायका यायच्या. मी पाहिलंय. एक बाई दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून आली होती. एक तर आली, भिंतीला टेकून बसली आणि तासभर नुसती तुझ्या पंख्याकडे बघत राहिली. तू आधी 'ये, बस' म्हणायचीस. कोण, कुठली, हे चहा पिऊन झाल्यावर. त्यांच्या मुठीत आपलं पत्रक असायचं, घामाने मऊ झालेलं, कुणी मिरच्या बांधून आणलेलं, कुणी पोराच्या दप्तरात लपवलेलं.

मग छापणं परवडेना, वाटायला माणसं मिळेनात, आणि मीच तुला म्हणाले की आता लोक फोनवर वाचतात, मी तुला अकाउंट काढून देते. तू जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचीस, मी टाइप करायचे. पहिल्याच पोस्टच्या वेळी मी पत्ता गाळला. तू चष्मा वर करून विचारलंस, खालचं कुठाय? मी म्हणाले, मावशी, इथे पत्ता नसतो टाकायचा. तू म्हणालीस, मग ते निनावीच झालं. मी म्हणाले, नाव आहे ना वर, फोटो आहे. तुला पटलं नाही. फोटोला काय दार असतं, म्हणालीस. मी हसले आणि टाकला पत्ता. तुझं लिहिणं वाचतंय कोण, असंही मला वाटलं होतं.

वाचलं लोकांनी. हळदीकुंकवाची पोस्ट वाचली. तुमच्या कॉलनीतल्या मैदानात मंडळाने मंडप घातला होता, स्पीकर, बॅनर, वाणाला स्टीलचे डबे. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या शेवंताबाई कडेला खुर्ची टाकून गाणी ऐकत होत्या. एका कार्यकर्त्याने त्यांना उठवलं, त्यांची खुर्ची उचलून मंडपाबाहेर नेऊन ठेवली आणि म्हणाला, आजी, आता बसा. नवरा नसलेल्या बाईने आत बसायचं नव्हतं. तू त्या खुर्चीबद्दल लिहिलंस. एका पानाचा मजकूर होता. त्यात एकही शिवी नव्हती, मंडळाचं नावसुद्धा नव्हतं. खाली तुझं नाव होतं, आणि पत्ता.

त्या दिवसापासून जे सुरू झालं ते तू गेल्यावरही थांबलेलं नाही.

मी ते तुला वाचून दाखवायचे. आधी गाळून वाचायचे, तर तुझ्या लक्षात यायचं. "सगळा वाच गो. मधला काय गाळू नको." तू कोलंबी सोलत असायचीस, मी कोपऱ्यात बसून वाचायचे. तुझ्या वयावर, तुझ्या दातांवर, तू लग्न का केलं नाहीस त्यावर. तुझं तोंड दुसऱ्याच बाईच्या अंगावर चिकटवलेला फोटो. एकाने लिहिलं की घरी येऊन बलात्कार करीन. त्याच्याखाली दुसऱ्याने लिहिलं, या थेरडीवर कोण करणार. तू हातातली कोलंबी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "त्यांका सांग, आधी आपसात काय ता ठरवा."

मी हसले. तूही हसलीस. पण त्या दिवशी कालवणात तू मीठ दोनदा घातलंस. मी न बोलता खाल्लं.

ह्या असल्या गोष्टी मला शोकसभेत सांगायच्या होत्या. तुझं हसणं सगळ्यांनी सांगितलं. मीठ कुणाला माहीत नव्हतं.

मग वस्तू येऊ लागल्या. कुणी न मागवलेलं जेवण, पुरुषांच्या चड्ड्या, म्हातारपणाची औषधं. आणि एक दिवस अंत्यविधीच्या सामानाचा दुकानदार टेम्पोत बांबू, मडकं, पांढरं कापड घेऊन तुझ्या दारात उभा राहिला. त्याला फोन आला होता की इथे कुंदाबाई गेल्यात, लवकर या. दार तूच उघडलंस. त्याने नाव विचारलं, तू म्हणालीस, मीच. तो बिचारा मटकन खाली बसला. तू त्याला पाणी दिलंस, चहा दिलास आणि निघताना म्हणालीस, "इतक्यात नाही हो. पण पत्ता लक्षात ठेवा."

त्याने ठेवला, मावशी. प्रसादने जवळचं दुकान म्हणून फोन लावला तर तोच आला. जिना चढून वर आला, दार बघितलं आणि पायरीवरच थांबला. मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, या वेळी खरंच ना?" मी हो म्हणाले. त्याचे डोळे भरून आले. तुझ्या मजल्यावरची बाकीची दारं बंद होती.

चौकीतही आपण गेलो होतो, आठवतं ना. साहेबांनी सगळे कागद बघितले आणि सौम्यपणे विचारलं, आजी, पण तुम्ही पत्ता टाकताच कशाला? सोसायटीच्या सेक्रेटरींनीही तेच विचारलं. प्रमिलाताईंनीही. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांना कुणी काही विचारलं नाही, कारण त्यांचा पत्ता कुणाकडे नव्हता. सोसायटीने तुझ्याविरुद्ध पत्र काढलं, की तुझ्यामुळे परके लोक इमारतीत शिरतात. त्यावर सह्या घेतल्या. शेवंताबाईंनीही सही केली. मी तावातावाने खाली त्यांना जाब विचारायला निघाले होते. तू मला हाताला धरून बसवलंस. म्हणालीस, तिला त्याच इमारतीत राहायचंय, मुलाच्या जिवावर. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. तू प्रत्येकीला समजून घ्यायचीस आणि त्या सगळ्या तुझ्या समजूतदारपणावर आरामात बसायच्या. हे तुला तोंडावर सांगायचं राहिलं, म्हणून इथे सांगते.

शेवटचं भांडण त्या दोघांवरून झालं. दोन तरुण तुझ्या दारापर्यंत आले, दारावरच्या पाटीचा व्हिडिओ घेतला. तू दार उघडून "या, आत बसा" म्हणालीस तर जिन्यावरून पळत सुटले. पण व्हिडिओ टाकलाच. 'हेच ते घर' असं वर लिहून. तो मी भांडुपला घरी पाहिला आणि तशीच तुझ्याकडे आले. मी खूप घाबरले होते. घाबरले की मी ओरडते.

मी म्हणाले, "मावशी, तो पत्ता काढ. हात जोडते तुला."

"आणि एखादी यायची झाली तर?"

"कोण येतं आता? हल्ली किती आल्या सांग मला."

"एखादी येते."

"त्या एखादीसाठी रोज हे सगळं?"

तू कुकरचं झाकण लावत होतीस. माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "तुझी आईसुद्धा एखादीच होती गो."

यावर मी आणखी चिडले. म्हणाले, तो काळ वेगळा होता. आता प्रत्येकीकडे फोन आहे. पत्त्याच्या जागी नंबर टाक, नवीन सिम घेऊ, मी चोवीस तास उचलीन. तू 'बघू' म्हणालीस. तुझं 'बघू' म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण तू पुढे काही बोलली नाहीस, आणि मला वाटलं, तुझ्याकडे उत्तरच नाही.

त्यानंतर तू थोडेच दिवस होतीस. दुपारी जेवून आडवी झालीस आणि एक बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब होता, वय होतं. सगळे तेच म्हणतात, वय होतं. शिव्यांनी तुला मारलं, असं मला लिहायचंय. हात शिवशिवतात. पण तसं पत्रक मी लिहून आणलं असतं तर तूच लाल पेनाने ती ओळ खोडली असतीस. पुरावा काय, विचारलं असतंस. पुरावा नाही, मावशी. म्हणून एवढंच लिहिते, की तू झोपेत दचकून उठायचीस, बेल वाजली की आधी खिडकीतून बघायला लागली होतीस, आणि बघून झालं की तरीही दार उघडायचीस.

गेल्या आठवड्यात मी आणि प्रसाद तुझ्या खोलीत बसलो. तो भांडी खोक्यात भरत होता, मी फोन घेऊन एकेका पोस्टखालचा तुझा पत्ता पुसत होते. प्रसादने मधेच विचारलं, "खालच्या शिव्या नाही का काढता येत?" मी म्हणाले, काढता येतात. पण मी काढणार नाही. त्यांनी काय लिहिलं ते राहू दे, तुझ्या मजकुराखाली, त्यांच्या खोट्या नावांनिशी. प्रसाद कढई कागदात गुंडाळत राहिला. पण पुसत गेले तसं मला कळत गेलं की काय उरतंय. तुझा पत्ता गेला आणि त्या शिव्या तेवढ्या राहिल्या. आता एखादी आली तर तिला खाली तेच दिसणार.

शोकसभा मुलुंडला झाली, वाचनालयाच्या हॉलमध्ये. तुझा हसरा फोटो होता, त्याला तुला न आवडणारा झेंडूचा हार. प्रमिलाताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "तू बोल, पण जरा सौम्य घे. आजच्या दिवशी घाण नको." एक गृहस्थ बोलले की कुंदाताईंनी कधी कटुता धरली नाही. दुसरे बोलले की त्या टीकेकडे खिलाडूपणे बघायच्या. टीका! मग मी उभी राहिले आणि आलेल्यांतलं थोडं वाचलं. न गाळता. पहिल्या रांगेतले एकजण उठून म्हणाले, श्रद्धांजलीला हे काय? मी म्हणाले, हे त्यांनी रोज जेवणाआधी ऐकलंय, तुम्ही एकदा ऐका. चारपाच जण उठून गेले. आई मागच्या भिंतीशी उभी होती, तिने मान खाली घातली नाही. प्रमिलाताईंनी मात्र शेवटपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. मला त्यांच्यासाठी वाईट वाटेल असं तुला वाटत असेल, तर नाही वाटलं.

हे सगळं तुला सांगायचंच होतं. पण लिहायला बसले ते पुढच्या गोष्टीसाठी.

सभा संपली, मी बाहेर चपला शोधत होते. एक बाई कधीपासून खांबाशी उभी होती. तिशीची असेल, खांद्याला भाजीची पिशवी, पदर मानेभोवती गच्च घेतलेला, एवढ्या उकाड्यात. म्हणाली, मी त्या घाटकोपरच्या घरी जाऊन आले. कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, त्या वारल्या, मुलुंडला सभा आहे. म्हणून आले. तू लिहिलेलं तिने शेजारणीच्या फोनवर वाचलं होतं, बऱ्याच आधी, आणि पत्ता पाठ केला होता. इतके दिवस नुसताच पाठ होता. आज निघाली, तर तू नाहीस.

तिने विचारलं, "आता कुठे यायचं, ताई?"

मी पर्स उघडली. कागद काढला, त्यावर माझा नंबर लिहिला आणि म्हणाले, कधीही फोन करा, मध्यरात्री केलात तरी मी उचलीन. तिने कागद घेतला नाही. माझ्याकडे बघून, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, "फोन घरचेच बघतात, ताई. कुणाला लावला, सगळं बघतात. पिशवीपण बघतात."

तुझ्याकडे उत्तर होतं, मावशी. मग बोलली का नाहीस? एवढी सगळी पत्रकं लिहिलीस, मला एवढं एक वाक्य सांगायला काय झालं होतं? की तुला वाटलं, माझ्या आईच्या पोरीला हे सांगावं लागणार नाही?

मला भीती वाटली. भांडुपला आमची एक खोली आहे, दिवसभर आई घरात एकटी असते, आणि ज्यांची घाण मी आता चारचौघांत वाचली होती त्यांच्या ओळखीचं कुणी त्या हॉलमध्ये नव्हतंच असं मला म्हणता येत नव्हतं. तुला अशी भीती वाटायची का, हे मी तुला कधी विचारलं नाही. मी मागे वळून आईकडे बघितलं. ती जवळ आली होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती त्या बाईला म्हणाली, "मी घरीच असते. केव्हाही ये."

मी माझा नंबर लिहिलेला कागद फाडला. तिला आमचा पत्ता सांगितला, तोंडी, सावकाश. स्टेशनवरून कुठल्या बाजूला उतरायचं, पिठाच्या गिरणीनंतर कुठे वळायचं, कितवा जिना, कितवं दार. ती डोळे मिटून ऐकत होती. ऐकून झालं आणि तिने तो मला म्हणून दाखवला. गिरणीनंतर डावीकडे, म्हणाली. मी म्हणाले, डावीकडे नाही, उजवीकडे. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, स्टेशनपासून, एकेक वळण घेत, अगदी आमच्या दारापर्यंत. या वेळी ती कुठेही चुकली नाही.